बेणणी कधी करायची? एका विद्यापीठ परिसरातल्या फुलपाखरांच्या पाहणीचं प्रकरण

कार्यालयाला एक आकडा हवा होता. नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या, समितीपुढे ठेवायच्या हरित परीक्षणाच्या फायलीत झाडं, पक्षी आणि फुलपाखरं असे तीन विभाग होते. पहिले दोन भरलेले, तिसऱ्यात आधीच्या कुठल्याशा तुकडीने केलेली जुनी यादी टाचून ठेवलेली. ती 'अद्ययावत' करून द्यावी, एवढंच काम प्राणिशास्त्र विभागाकडे आलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: मुलांच्या वसतिगृहामागची मोकळी जागा साफ करून तिथे फुलपाखरू उद्यान करण्याचा प्रस्ताव आहे, त्यासाठीही या यादीचा उपयोग होईल. पुढे सगळं प्रकरण या शेवटच्या ओळीभोवती आणि बेणणीभोवती, म्हणजे वाढलेलं गवत-झुडूप कापून जागा साफ करण्याभोवती, फिरलं.

संकुल सिंधुदुर्गात, वेंगुर्ला आणि मालवण यांच्या मधल्या पट्ट्यात, जांभ्याच्या सड्यावर आहे. नाव घेण्याची गरज नाही. सड्यावर बांधलेल्या कोकणातल्या बहुतेक कॉलेजांचा नकाशा थोड्याफार फरकाने असाच निघेल. फाटकातून आत शिरलं की हिरवळ, इक्झोराच्या छाटलेल्या रांगा, खोटे अशोक आणि प्रशासकीय इमारत. उजव्या हाताला आंबा-काजूची कलमं, ती दरवर्षी ठेक्याने दिली जातात. मागे वसतिगृह, त्यामागे चिऱ्यांचा गडगा, गडग्यापलीकडे व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी पाणंद. सगळ्यात वर उघडा कातळ आणि त्याच्या कडेला बंद पडलेली चिरेखाण, जिच्या तळाशी उन्हाळा तोंडावर येईपर्यंत पाणी असतं.

पत्रातली 'मोकळी जागा' म्हणजे वसतिगृह आणि पाणंद यांच्या मधली पट्टी. तिथे बांधकाम नाही, एवढ्याच अर्थाने ती मोकळी. करवंदाच्या जाळ्या, वाघाटीचे काटेरी वेल, रानमोडी, घाणेरी, श्रावणात मांडीपर्यंत वाढलेला टाकळा, आणि या सगळ्यावरून सरपटणाऱ्या, पटकन नाव न सांगता येणाऱ्या वेली. फाटकातून आलेल्या पाहुण्याला ही जागा दिसू नये असं कार्यालयाला वाटणं स्वाभाविक होतं.

जुनी यादी आधी लहान झाली

यादीसोबत फोटो जोडलेले होते हे आमचं नशीब. पहिला संशय आला तो कॉमन इव्हनिंग ब्राउनवरून. ते एकदा नावानिशी होतं आणि पुढच्याच पानावर 'अनोळखी, सुक्या पानासारखं' म्हणून पुन्हा होतं. या फुलपाखराची पावसाळ्यात जन्मलेली पिढी पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे घेऊन येते. कोरड्या दिवसांतल्या पिढीचे डोळे जवळजवळ पुसले जातात आणि ते पाचोळ्यात बसलं की दिसेनासं होतं. जात एकच, ऋतू दोन.

कॉमन रोजच्या नावाखाली लावलेला फोटो कॉमन मॉर्मनच्या मादीचा निघाला. कॉमन मॉर्मनच्या माद्या तीन वेशांत दिसतात. एक नरासारखीच काळी, दुसरी कॉमन रोजची नक्कल करणारी आणि तिसरी क्रिमसन रोजची. खऱ्या रोजचं अंग लाल असतं, नक्कल करणारीचं काळंच राहतं. पंखांकडेच बघत राहिलं तर फसगत ठरलेली. प्लेन टायगरचा एक फोटोही असाच डनाइड एगफ्लायच्या मादीचा ठरला. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला तिथे ते नसतात, वरच्या कडेला एक डाग तेवढा दिसतो. तिचा नर तर काळ्या पंखांवर पांढरे गोल घेऊन फिरणारा, मादीशी काडीचं साम्य नसलेला. त्यामुळे जुन्या यादीत तो दुसऱ्याच नावाने वेगळा नोंदलेला होता.

दुरुस्त्या करून यादी परत पाठवली तेव्हा तिकडून फोन आला, "सर, वाढवायला सांगितली होती, कमी कशी झाली?" प्रश्न रास्त होता. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

नावांपेक्षा मोठी अडचण वेगळी होती. सगळ्या नोंदी डिसेंबर-जानेवारीतल्या, बहुतेक दुपारच्या आणि जवळपास सगळ्या मुख्य रस्त्याच्या कडेच्या होत्या. म्हणजे सुट्टीच्या आधी, प्रकल्पवही पुरी करण्याच्या दिवसांत, जिथे सहज जाता येतं तिथे जाऊन केलेलं काम. कोकणात फुलपाखरांचा बहर पाऊस ओसरताना असतो, सप्टेंबरपासून साधारण नोव्हेंबरपर्यंत. देशभर सप्टेंबर हा फुलपाखरू महिना म्हणून २०२० पासून पाळला जातो. डिसेंबरात सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, टाकळा काड्या होऊन उभा असतो आणि त्यावर वाढणाऱ्या पिढ्या उडून गेलेल्या असतात.

चार वाटा

पद्धत नवीन शोधायची गरज नव्हती. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७७ साली मांडलेली चालत मोजण्याची रीत जगभर वापरली जाते. ठरलेल्या वाटेने संथ, एकसारख्या गतीने चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या काल्पनिक चौकटीत जे दिसेल तेवढंच मोजायचं. मागून येऊन पुढे गेलेलं मोजायचं नाही. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. पोलार्डच्या नियमांतलं किमान तापमान आपल्याकडे निरर्थक आहे, सड्यावर प्रश्न उन्हाचा आणि वाऱ्याचा असतो. दुपारी खारे वारे सुटले की उघड्या कातळावरची लहान फुलपाखरं गवताच्या बुडाशी जाऊन बसतात, म्हणून चालायची वेळ सकाळी साडेआठ ते अकरा ठेवली. पावसात फेऱ्या उघडिपीच्या भरवशावर. आषाढात कित्येकदा वही कोरडीच घरी आली, पण 'पाऊस' हा शेरासुद्धा तारखेसह लिहायचा, असा नियम केला.

चार वाटा आखल्या, जेमतेम सारख्या लांबीच्या. पहिली फाटक ते प्रशासकीय इमारत. दुसरी कलमांच्या बागेतून. तिसरी वसतिगृहामागून गडग्याच्या कडेने पाणंद धरून व्हाळापर्यंत. चौथी सड्यावरून चिरेखाणीकडे. वाटा आखताना मुलांचा आग्रह होता की 'जिथे जास्त दिसतात' तिथूनच जाऊ. मग ती पाहणी राहिली नसती, सहल झाली असती. ज्या वाटेवर काही दिसत नाही तिचं काही न दिसणं हीच तर नोंद.

जाळी वापरली नाही. फोटोवर ओळख पटते ती जात नोंदवायची, पटत नाही ती 'ब्लू, अनोळखी' अशीच ठेवायची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांची २०२२ च्या दुरुस्तीत फेररचना झाली. त्याआधी क्रिमसन रोज आणि डनाइड एगफ्लाय या आपल्याकडे सहज दिसणाऱ्या जाती थेट पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला होत्या. टाचणीला टोचलेले नमुने पेटीत ठेवण्याची कॉलेजांतली जुनी सवय त्या काळात कायद्याच्या कुठल्या बाजूला पडत होती, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

दोन ठिकाणी ही रीत कमी पडली. कॉमन इव्हनिंग ब्राउन नावाप्रमाणे तिन्हीसांजेचं, सकाळच्या फेरीत ते पायाखालून उडालं तरच दिसायचं. त्यासाठी संध्याकाळच्या वेगळ्या फेऱ्या ठेवल्या आणि त्यांचे आकडे सकाळच्या आकड्यांत मिसळले नाहीत. दुसरी अडचण स्थलांतराची. कॉमन क्रो, ब्लू टायगर आणि त्यांचे भाऊबंद पावसाळ्याच्या आगेमागे दक्षिण भारतात पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि उलट असा मोठा प्रवास करतात. पाऊस संपताना एका सकाळी गडग्यावरच्या रानमोडीवर ती इतकी लगडली होती की लिहिणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवलं. अशा दिवसाचा आकडा सरासरीत घातला तर ती वाट वर्षभर श्रीमंत वाटते. तो दिवस वेगळ्या पानावर गेला.

कुठे काय

पहिल्या वाटेवर फुलपाखरं दिसत होती, हे आधी सांगायला हवं. इक्झोरावर नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉर्मन, येत होतं. ब्लू मॉर्मनला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं, आणि असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. कुलसचिवांच्या खिडकीतून ते दिसायचं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. खोट्या अशोकावर टेल्ड जेच्या अळ्या होत्या. हिरवळीत तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या आंबुशीवर पेल ग्रास ब्लू वाढत होतं. पण या वाटेवरची बहुतेक फुलपाखरं पाहुणी होती. ती यायची, रस प्यायची आणि गडग्याच्या दिशेने निघून जायची. इक्झोरावर रस पिणाऱ्या नीलवंताची मादी अंडी घालते ती माकडलिंबू, किरमिरा, लिंबू अशा झाडांवर. यांतलं एकही पहिल्या वाटेवर नव्हतं.

दुसरी वाट, म्हणजे बाग, सगळ्यात कोड्यात टाकणारी. आंबा आणि काजू ही दोन्ही कॉमन बॅरनच्या अळीची खाद्यझाडं. म्हणजे अख्खी बाग तिच्यासाठी ताटात वाढलेली. ही अळी बघायला मिळणं हे एक सुख आहे: हिरवी, दोन्ही अंगांना पिसांसारखे पसरलेले काटे, आणि पाठीवरून जाणारी फिकट रेघ. ती आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अशी बेमालूम बसते की बोट लागेपर्यंत पत्ता लागत नाही. तरीही कलमांवर शोधून शोधून ती मिळेना. मिळाली ती बागेच्या हद्दीबाहेर, पाणंदीकडे झुकलेल्या जुन्या रायवळ आंब्यावर. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मोहोर फुटायच्या सुमारास तुडतुड्यासाठी ठेकेदाराचे फवारे सुरू होतात, आणि फवारा तुडतुडा आणि अळी यांत भेद करत नाही. रायवळाला कोण फवारतो?

बागेतली दुसरी गोष्ट बांडगुळाची. आंब्यावर बांडगूळ दिसलं की बागायतदाराचा हात कोयतीकडे जातो, आणि तो बरोबरच आहे. फांदी वाळते, उत्पन्न जातं. पण कॉमन जेझबेल, जिला कोणी हळदीकुंकू म्हणतात, ती बांडगुळाशिवाय वाढतच नाही. तिच्या अळ्या घोळक्याने एकत्र खातात. पीकॉक रॉयल आणि गॉडी बॅरनही बांडगुळावरचेच. इथे माझं मत स्पष्ट आहे: कलमांवरचं बांडगूळ काढावं, त्यात फुलपाखरांचं कारण पुढे करू नये. गडग्यापलीकडच्या जंगली झाडांवरचं मात्र कोणाचं काही बिघडवत नाही.

तिसऱ्या वाटेबद्दल विस्ताराने लिहिणं भाग आहे. इथे प्रौढ फुलपाखरांची संख्या इतर वाटांपेक्षा जास्त होतीच, पण दुसऱ्या महिन्यापासून आम्ही मोजणीसोबत एक वेगळी वही सुरू केली: अंडं, अळी किंवा कोष कशावर मिळाला. या वहीने प्रकरणाची दिशा बदलली. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट. कोवळ्या टाकळ्याची भाजी मुलांच्या घरी होते, पण त्याच झाडावर कोणाची तरी पिढी वाढते हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाघाटीवर, जिची फळं आषाढी द्वादशीला बाजारात शोधावी लागतात, ग्रेट ऑरेंज टिप. भूतकेसावर कमांडर. रुईवर प्लेन टायगर. हिरणदोडीच्या वेलावर ब्लू टायगर. पाणंदीतल्या गवतात इव्हनिंग ब्राउन आणि बुशब्राउन. माडाच्या झावळीत पामफ्लाय आणि पाम बॉब.

आणि सापसंद. गडग्याच्या सांध्यांतून वर चढलेली ही वेल आधीच्या कुठल्याच वनस्पतीयादीत नव्हती. ती ओळखली ती संकुलातल्या माळ्यांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. सापसंदाचं मूळ सर्पदंशावर देण्याचा जुना समज आहे. त्याने विष उतरत नाही, उलट त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांना घातक आहे, पण त्या समजामुळे तात्यांच्या पिढीला वेल अचूक ठाऊक. कॉमन रोज आणि क्रिमसन रोज दोघांच्याही अळ्या फक्त या कुळातल्या वेलींवर वाढतात. पानातली विषारी द्रव्यं अळी अंगात साठवते, ती फुलपाखरापर्यंत उतरतात आणि पक्षी एकदा चव घेऊन पुन्हा वाटेला जात नाही. कॉमन मॉर्मनच्या माद्यांचे दोन वेश या धाकावर चालतात. म्हणजे गडग्यातली ती वेल कापली की दोन्ही रोज फुलपाखरं जातात, आणि ती गेली की मॉर्मनच्या मादीची नक्कल ओळखायला पक्ष्यांना अस्सल उरत नाही.

इथे रानमोडी आणि घाणेरीबद्दल एक सांगायला हवं. दोन्ही परदेशी, आक्रमक, आणि दोन्हींवर फुलपाखरांची झुंबड. रानमोडीकडे टायगर-क्रो मंडळी रसाबरोबरच त्यातल्या अल्कलॉइडसाठी येतात; नरांना गंधद्रव्य बनवायला ती लागतात. खुळखुळ्याच्या वाळलेल्या झुडपांवरही ते याचसाठी गर्दी करतात. नुसती प्रौढ फुलपाखरं मोजली असती तर रानमोडी ही संकुलातली सर्वात महत्त्वाची वनस्पती ठरली असती. अळ्यांच्या वहीत तिच्यापुढे एकही नोंद नव्हती.

चौथी वाट थोडक्यात: ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचा गालिचा असतो आणि त्यावर ब्लू कुळातल्या चिमुकल्यांची लगबग. चिरेखाणीच्या ओल्या कडेला फेब्रुवारी-मार्चात क्षारांसाठी चिखल शोषायला नर जमतात. बाकी वर्षभर वाट ओकीबोकी.

एक नोंद कुठल्याच वाटेवरची नाही. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झाला होता आणि फवारणी ठरली होती. एका विद्यार्थिनीने भिंगातून पाहिलं तर त्या पांढऱ्या कापसात एपफ्लायची अळी पिठ्या ढेकूण खात होती. फुलपाखराची अळी मांसाहारी असू शकते यावर वर्गाचा विश्वास बसायला कोषापर्यंत वाट पाहावी लागली; तो माकडाच्या तोंडासारखा दिसतो. फवारणी रद्द झाली. एवढा सोपा विजय पुन्हा मिळाला नाही.

आणि एक नोंद यादीत नाही. कँटीनमागच्या तिरफळाच्या झाडाजवळ मलबार बँडेड पिकॉक पाहिल्याचं एका विद्यार्थ्याने शपथेवर सांगितलं. केरळने २०१८ साली राज्य फुलपाखरू केलेली ही जात, तिच्या अळीचं खाद्य तिरफळच, त्यामुळे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. फोटो नव्हता. पॅरिस पिकॉक उडताना तसाच चमकतो. 'सांगितलं, पुरावा नाही' या पानावर तारीख-वेळेसह ते लिहून ठेवलं. त्या मुलाला ते लागलं, पण तिरफळाखाली तो अजून कॅमेरा घेऊन उभा असतो.

कार्यालयातली बैठक

उद्यानाचा प्रस्ताव तोवर पुढे सरकला होता. रोपवाटिकेचं दरपत्रक आलेलं: पेंटास, झिनिया, व्हर्बिना, संकरित घाणेरी. सगळी रसाची झाडं. पट्टी जेसीबीने सपाट करून त्यावर ही रोपं, मध्ये फरशीची वाट आणि फलक. थोडक्यात, जिथे फुलपाखरं जन्मत होती ती जागा मोडून तिथे त्यांच्यासाठी खानावळ.

बैठकीत पहिला प्रश्न आला, "एकूण जाती किती?" पश्चिम घाटात सुमारे ३३५ जाती सापडतात, त्यातल्या किती आपल्या संकुलात, असा हिशेब कार्यालयाला हवा होता. आकडा दिला, पण त्याच्याआधी एक नकाशा ठेवला. त्यावर चार वाटा, प्रत्येक खाद्यवनस्पतीची जागा, आणि कडेला बारा महिन्यांचा तक्ता: कोणत्या महिन्यात कशावर अळ्या असतात आणि त्याच महिन्यात संकुलात काय कापलं जातं. या तक्त्यातल्या दोन रेघा एकमेकींवर पडत होत्या. संकुलाची मुख्य बेणणी दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी व्हायची, कारण ऑक्टोबरात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. म्हणजे पावसाळी पिढी अळी-कोषात असते नेमकी तेव्हा.

माझा कल उद्यान पूर्ण रद्द करण्याकडे होता. तो तात्यांनी एका वाक्यात परतवला. "सर, ह्यां बेणलां नाय तर कोणाच्या तरी पायाक फुरसां चावतलां, मगे फुलपाखरां बघीत बसतल्यात?" फुरसं ही सड्यावरची खरीखुरी भीती आहे. लहान, मातीच्या रंगाचं, चिऱ्यांच्या फटीत राहणारं, आणि रात्री वसतिगृहाची मुलं चपला घालून त्याच पट्टीतून कँटीनला जातात. गवत वाढू द्या असं सांगणारा माणूस त्या वाटेने रात्री चालत नसतो. दुसरी अडचण वणव्याची: डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत उभं ठेवलं तर एका विडीने टेकडी पेटते.

त्यामुळे जे ठरलं ते कोणाच्याच मनासारखं नव्हतं. वसतिगृहाच्या भिंतीपासून दहा फुटांची पट्टी आणि कँटीनची वाट पावसातही जमिनीसरसी साफ ठेवायची, दिवे लावायचे. गडग्याच्या या अंगाची उरलेली पट्टी जानेवारीपर्यंत हात न लावता सोडायची, नंतर अर्धी या वर्षी, अर्धी पुढच्या वर्षी. रानमोडी आणि घाणेरी मुळासकट उपटायची, पण टप्प्याटप्प्याने. सड्यावर वणवा अडवणारी जाळरेषा डिसेंबरात काढायची, अख्खा सडा कापायचा नाही. फुलपाखरू उद्यान होईल, मात्र प्रशासकीय इमारतीसमोर, आणि त्यात झिनियाबरोबर कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, बहावा लागतील. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, पानफुटीवर रेड पिएरो, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. कुलसचिवांनी एकच अट घातली, फलकावर नीलवंताचा फोटो हवा. ती आनंदाने मान्य केली.

निविदेतली ओळ

कागदावर ठरलेलं पहिल्याच सप्टेंबरात कोलमडलं. सुट्टीनंतर येऊन पाहतो तर पाणंदीपर्यंतची पट्टी ग्रासकटरने एकसारखी कापलेली. सापसंद गडग्याच्या उंचीवरून छाटलेली. ठेकेदाराला सूचना पोचली नव्हती असं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: "माका मापाचे पैसे गावतत. सोडलेल्या गवताचे पैसे माका कोण देतलो?"

त्याचं बरोबर होतं. निविदेत दर चौरस मीटरवर होता. जितकं क्षेत्र कापशील तितकं बिल. नकाशा, तक्ता, बैठकीचं इतिवृत्त, यांतलं काहीही त्या दरापुढे टिकणारं नव्हतं. परिसराची जैवविविधता या विषयावर आमच्याकडे व्याख्यानं पुष्कळ झाली, पण निविदेचा मसुदा तोवर कोणी वाचलेला नव्हता.

पुढच्या वर्षीची निविदा दोन भागांत निघाली. हिरवळ, रस्ते आणि वसतिगृहाची दहा फुटांची पट्टी मशीनने, पूर्वीसारखी चौरस मीटरवर. गडग्याकडची पट्टी आणि जाळरेषा 'निवडक बेणणी' म्हणून, कोयतीने, रोजंदारीवर. लेखा विभागाने आक्षेप घेतला की क्षेत्र कमी आणि खर्च तेवढाच कसा. उत्तर असं दिलं की मशीनवाला वेल बघत नाही, कोयतीवाला बघतो, आणि त्या बघण्याचे पैसे आहेत. दोन-तीन फेऱ्यांनंतर टिपणी मंजूर झाली. जे ठेवायचं त्याच्या चारी कोपऱ्यांना चुना फासलेले चिरे ठेवले. कागद न वाचणाऱ्यालाही ते दिसतात. कोयती घेऊन येणाऱ्या बायकांना तात्यांनी सापसंद आणि हिरणदोडी एकदा दाखवली, पुन्हा सांगावं लागलं नाही.

छाटलेली सापसंद मुळापासून पुन्हा फुटली. कॉमन रोज त्याच हंगामात परतला. क्रिमसन रोजची अळी दिसायला आणखी एक पावसाळा जावा लागला. यात बेणणी बदलण्याचा वाटा किती आणि त्या वर्षीच्या पावसाचा किती, हे चार वाटांवरच्या एवढ्याशा नोंदींतून वेगळं काढता येत नाही. नॅकच्या समितीने फाईल चाळली, नीलवंताच्या फलकासमोर फोटो काढला आणि गडग्यामागे ती गेली नाही.

आता अडलंय ते मे महिन्यावर. परीक्षा संपल्या की संकुल रिकामं होतं, आणि काजूची बोंडं, फणस, रायवळ आंबे जमिनीवर सडायला लागतात ते त्याच दिवसांत. बॅरन, इव्हनिंग ब्राउन, ब्लॅक राजा ही मंडळी फुलांकडे फारशी फिरकत नाहीत, त्यांना आंबलेलं फळ हवं. आमच्या तक्त्यात त्यांचा रकाना म्हणून जवळजवळ कोरा आहे. गेल्या वर्षीपासून तात्या आणि कँटीन चालवणाऱ्या काकी मोबाईलवर फोटो काढून पाठवतात, बोंडांच्या ढिगाशेजारी काठी ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. त्यांच्यासाठी चालण्याची वाट आखलेली नाही. ढीग कुठे घालायचा एवढं ठरवलंय आणि रोज सकाळी त्याच ढिगाचा एक फोटो.

चिरेखाणीचा प्रश्न मात्र खुला आहे. नव्या इमारतीचा राडारोडा टाकायला ती सोयीची जागा म्हणून बांधकाम विभागाने तिची मोजणी केली आहे. चौथ्या वाटेच्या वहीत तिथल्या ओल्या कडेच्या नोंदी फेब्रुवारी-मार्चच्याच आहेत, आणि मोजणी ऑक्टोबरात झाली. पुढच्या बैठकीत ती वही न्यायची आहे. त्याआधी राडारोडा उचलण्याच्या निविदेची प्रत मागवली आहे.